पतंगाची घ्राणशक्ति

पतंग दिव्याच्या मोहानें जळून मरतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु काळोख्या रात्रीं नरपतंग दूरवरून आपल्या मादीपर्यंत अचूक पोंचतो, ती ओढ उजेडाची नव्हे, गंधाची असते. त्या गंधाचाच थोडा विचार करण्याचें आम्हीं या खेपेस योजिलें आहे.

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ जाँ आंरी फाब्र यांनीं एका जातीच्या मादीला कांचेच्या झांकणाखालीं ठेविलें व जिच्यावर ती आदल्या रात्रीं बसली होती ती वाळूची तबकडी दुसरीकडे ठेविली. आलेल्या नरांनीं समोर दिसणाऱ्या मादीकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. ते त्या रिकाम्या तबकडीवर जाऊन बसले! रूपाला तेथें किंमत नाहीं; गंध तेवढा प्रमाण.

हा गंध म्हणजे कोणतें द्रव्य, हें शोधण्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांना सुमारें वीस वर्षें लागलीं. ज्या किड्याच्या कोशापासून आपलें सोंवळ्याचें रेशीम निघतें, त्याच्याच जवळजवळ पांच लक्ष माद्या खर्ची घातल्या, तेव्हां कांहीं मिलिग्रॅम द्रव्य हातीं आलें. १९५९ सालीं त्यांनीं तें जाहीर करून त्यास ‘बॉम्बिकॉल’ हें नांव दिलें.

नराच्या मिशा पिसासारख्या फांटेदार असून त्यांवर हजारों सूक्ष्म केस असतात. केसांवरील छिद्रांतून गंधाचा रेणु आंत शिरतो. आंतील द्रवांत एक प्रथिन त्यास मज्जापेशीवरील ‘ग्राहका’पर्यंत पोंचवितें. कुलपास जशी त्याचीच किल्ली लागते, तसा ह्या ग्राहकास त्याचाच गंध लागतो. कुलूप उघडतांच मेंदूकडे विद्युत्संदेश जातो. त्यास एक रेणुहि पुरतो. रेशमाच्या पतंगाचा हा ग्राहक जपानी संशोधकांनीं २००४ सालीं ओळखला. पुढें २०११ सालीं त्यांनीं त्या पेशींत दुसऱ्या जातीच्या पतंगाचा ग्राहक बसविला, तेव्हां रेशमाचा नर त्या परक्या मादीच्या गंधानेंहि पंख फडफडवूं लागला. सारी ओढ एका कुलपावर अवलंबून!

ह्याच एकनिष्ठेचा उपयोग आपल्या विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकरी करितात. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठीं ते जे ‘कामगंध सापळे’ लावितात, त्यांत मादी नसते. रबराच्या लहानशा तुकड्यांत तिचा कृत्रिम गंध असतो. त्या जातीचा नर तेवढा येऊन अडकतो. सलग तीन दिवस दर सापळ्यांत आठ-आठ नर सांपडूं लागले, म्हणजे बंदोबस्ताची वेळ आली असें समजतात. सापळ्यानें कीड समूळ नाहींशी होते असें नव्हे. परंतु औषध केव्हां फवारावें व केव्हां फवारूं नये, हें त्यावरून कळतें. ही गोष्ट लहान नव्हे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. टळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे कोणा घरधन्यावरचें टळलेलें संकट होय.

पतंगाच्या मिशीवरील केस न्याहाळीत बसणाऱ्यास लोक रिकामटेकडा म्हणतील. त्या रिकामटेकडेपणाचें फळ आज कपाशीच्या शेतांत काठीवर टांगलेलें आहे, एवढें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.