पंगतीत बसून हसवणारा

२१ सप्टेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयात राजू श्रीवास्तव यांची प्राणज्योत मालवली. १० ऑगस्टला व्यायाम करताना ते कोसळले होते. त्यानंतरच्या चाळीसहून अधिक दिवसांत देशातील असंख्य घरांनी, आपल्याच घरातील कोणी आजारी असावे तशी, त्यांच्या प्रकृतीची विचारपूस केली. अवघ्या ५८ व्या वर्षी गेलेल्या या विनोदवीराला हे प्रेम कशामुळे लाभले, याचा विचार आज अधिकच अगत्याचा झाला आहे.

कानपूरच्या सामान्य मध्यमवर्गीय घरात १९६३ साली जन्मलेल्या राजूंचे मूळ नाव सत्यप्रकाश. वडील रमेशचंद्र हे 'बलई काका' या नावाने ओळखले जाणारे कवी. त्यामुळे भाषेची गोडी आणि श्रोत्यांची नाडी ओळखण्याचे शिक्षण त्यांना घरीच मिळाले. अमिताभ बच्चन यांच्या नकलेचे भांडवल घेऊन हा तरुण मुंबईत आला. 'तेजाब' (१९८८), 'मैंने प्यार किया' (१९८९), 'बाजीगर' (१९९३) अशा चित्रपटांत किरकोळ भूमिका वाट्याला आल्या, पण खरी साधना चालली ती रंगमंचावरील कार्यक्रमांतून. २००५ साली 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' या स्पर्धेने त्यांना घराघरांत पोहोचविले, तेव्हा या तपश्चर्येला कितीतरी वर्षे उलटून गेली होती.

त्या स्पर्धेत पहिला आला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा सुनील पाल. दुसरे एहसान कुरेशी आणि तिसरे राजू श्रीवास्तव. महानगरांच्या इंग्रजी वर्तुळाबाहेरील भारताला त्या मंचावर प्रथमच एवढा मोठा श्रोतृवर्ग लाभला. क्रमांक तिसरा आला तरी लोकांच्या मनात घर केले ते राजूंच्या 'गजोधरभैय्या'ने. लग्नातील जेवणावळीची झुंबड, रेल्वेच्या डब्यातील रेटारेटी, शहरात येऊन बावरलेला खेडूत हे त्यांचे विषय. मात्र गजोधरला हसणारा श्रोता त्याला तुच्छ लेखीत नसे. कारण सांगणारा उंच माडीवरून खाली पाहत नव्हता. तो त्याच पंगतीत मांडी घालून बसलेला होता. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम आणि अधम अशी प्रतवारी लावली. हास्यालाही पातळी असते, हे आपल्या परंपरेने इतक्या पूर्वी जाणले होते.

ही मर्यादा म्हणजे भीरुता, असा समज कोणी करून घेऊ नये. लालूप्रसाद यादव सत्तेच्या भरात होते, तेव्हा राजू त्यांची हुबेहूब नक्कल करीत आणि तीही शिवीगाळीवाचून. दाऊद इब्राहिमवरील विनोद थांबवावेत म्हणून २०१० साली त्यांना पाकिस्तानातून धमक्यांचे दूरध्वनी आले. तरीही त्यांचे कार्यक्रम चालूच राहिले. २०१४ साली समाजवादी पक्षाची कानपूरची उमेदवारी परत करून ते भाजपमध्ये आले, स्वच्छ भारत अभियानात सहभागी झाले, पुढे २०१९ मध्ये उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेचे अध्यक्षही झाले. तथापि लोकांच्या स्मरणात राहिला तो गजोधरच. पद माणसाला मान देते. जिव्हाळा मात्र कलेलाच मिळवावा लागतो.

आज एकट्याने मंचावर उभे राहून हसविणाऱ्यांची मोठी पिढी पुढे आली आहे. तिच्यात बुद्धी आहे, निरीक्षण आहे, धिटाईही आहे. परंतु शिवी म्हणजेच विनोद आणि श्रद्धास्थानांची टवाळी म्हणजेच निर्भयता, असे समीकरण तिच्यातील काहींनी मांडलेले दिसते. आई-वडील आणि मुले एकत्र बसून ऐकू शकतील असा कार्यक्रम शोधावा लागावा, ही स्थिती भूषणावह नाही. त्याचबरोबर प्रत्येक कोपरखळीने दुखावून पोलीस ठाण्याची पायरी चढणे, हेही निकोप समाजाचे लक्षण नव्हे. आपल्याकडे संस्कृत नाटकातील विदूषक राजाची थट्टा करी आणि राजा ती ऐकून घेई. ही उदारता आपण गमावता कामा नये.

अश्लीलतेला कायद्याने पायबंद घालता येईल, पण अभिरुची कायद्याने घडत नाही. ती घरातल्या दिवाणखान्यात, कोणत्या विनोदावर टाळी द्यायची आणि कोणत्यावर गप्प राहायचे, या रोजच्या निवडीतून घडते. तीन पिढ्यांना एकाच वेळी हसविणारा कलावंत पुन्हा हवा असेल, तर त्याला दाद देणारे घरही आपणच जपले पाहिजे.