दलाल कधीच हरत नाही

‘एक्सचेंज म्हणजे जुगार नव्हे, तो शेअर बाजारासारखा व्यवहार आहे. इथे बुकीच नाही, मग फसवणूक कसली?’ हा युक्तिवाद मी हल्ली शिकल्या-सवरल्या मुलांच्या तोंडून ऐकतो. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक आहे.

खरा भाग आधी. २००० साली इंग्लंडमध्ये बेटफेअर सुरू झाले. बुकीला बाजूला सारून खेळणाऱ्यांनाच समोरासमोर बसवायचे, ही त्यामागची कल्पना. एक जण संघ जिंकेल म्हणून पैसे लावतो, दुसरा ती पैज घेतो. आपल्याकडचे सटोडिये याला ‘लगाई’ आणि ‘खाई’ म्हणतात. भाव २.५० असेल आणि कुणी १,००० रुपये लावून जिंकला, तर त्याला १,५०० रुपये नफा होतो. खाणाऱ्याचे तेवढेच नुकसान होते. एक्सचेंज कुणाच्याच बाजूने नसते. इथवर सगळे मान्य.

आता उरलेला अर्धा. एक्सचेंज जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन कापते. ते ५ टक्के धरा. सारख्याच अकलेचे दोन मित्र १,००० रुपयांची बरोबरीची पैज शंभर वेळा लावतात आणि पन्नास-पन्नास वेळा जिंकतात. दोघांपैकी कुणीच हरले नाही, तरी दोघांच्या खिशातून मिळून ५,००० रुपये गेले. शेअरमागे निदान एखादा चालता धंदा असतो. इथे काहीच पिकत नाही, फक्त वाटणी होते आणि प्रत्येक वाटणीत दलालाचा घास ठरलेला असतो.

‘पण आम्हाला क्रिकेट कळते.’ कळत असेल. तुमच्या टीव्हीवर चेंडू काही सेकंद उशिरा पडतो. समोर मैदानात बसलेला माणूस असू शकतो, किंवा क्षणात भाव बदलणारा संगणक. आणि हुशारीने सतत जिंकलातच तर? बेटफेअरने २००८ मध्ये अशा मोजक्या खेळाडूंवर जादा आकार लावला आणि २०११ मध्ये काहींसाठी तो ६० टक्क्यांपर्यंत नेला. कौशल्याचा खेळ म्हणायचे आणि कौशल्यालाच दंड करायचा!

आपल्या गल्लीत तर एक्सचेंजचे फक्त नाव येते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’ मिळते, पैसे एजंटकडे जातात, उधारीही तोच देतो. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा दाद मागायला जागाही उरलेली नाही.

आमचे मौलाना ‘हराम आहे’ म्हणून थांबतात. तेवढ्याने भागत नाही, कारण ‘हा तो जुगारच नव्हे’ हे उत्तर मुलांकडे तयार असते. सूरह बकरामध्ये जुगारात लोकांसाठी काही लाभ असल्याचे मान्य करून त्याचे पाप लाभापेक्षा मोठे ठरवले आहे. म्हणजे तिथेही हिशेब मांडला आहे. भाष्यकार सांगतात की जुन्या अरबांच्या ‘मैसिर’मध्ये उंटाचे मांस गरिबांना वाटले जाई. या नव्या मैसिरमधून कुणा गरिबाच्या ताटात काय पडते? शुक्रवारच्या खुत्ब्यात हा हिशेब मांडा.

आणि घरच्यांनो, एजंट दारात येऊन हरलेल्या पैशांसाठी धमकावू लागला तर दागिने मोडू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करारच निरर्थक ठरवते. ती रक्कम कोर्टातून वसूल होत नाही. धमकावणाऱ्याला घाबरून गप्प बसण्यापेक्षा पोलीस ठाण्यात जा. अब्रू तिथे जात नाही, ती त्या आयडीत जाते.