१०८४ हे उत्तर खोडू नका

बारावीच्या फिजिक्समध्ये ७० गुण थिअरीचे आणि ३० प्रॅक्टिकलचे. थिअरीत पस्तिशी गाठताना ज्याची दमछाक होते, तोही प्रॅक्टिकलला २७-२८ घेऊन येतो. पालक खूश, कॉलेजही खूश. मी ज्युनिअर कॉलेजात हा विषय शिकवतो आणि माझे मत असे आहे की या २८ गुणांनी आपल्या मुलांचे जे नुकसान केले आहे, ते नापास होऊनही झाले नसते. हे गुण मिळवण्याची रूढ पद्धत मुलांना एकच गोष्ट शिकवते: उत्तर आधी, मोजमाप नंतर.

ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. गेल्या वर्षीच्या कोणाचे तरी जर्नल मिळवायचे. त्यात गुरुत्व त्वरण ९८० लिहिलेले असते. मग ९८० वरून उलटे गणित करून वेळ काढायचा, त्यात इकडेतिकडे एखादा दशांश हलवायचा (सगळी रीडिंग्ज अगदी सारखी आली तर सरांना संशय येतो) आणि टेबल भरायचे. दोलक हलला नाही तरी चालते. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर असले तरी चालते.

पण हा प्रयोग खरोखर केला तर काय होते ते बघा. एक मीटर दोऱ्याला गोळी टांगली की एका आंदोलनाला साधारण दोन सेकंद लागतात. स्टॉपवॉचचे बटण दाबताना आपले बोट अंदाजे ०.२ सेकंद पुढेमागे होते. म्हणजे एकच आंदोलन मोजले तर चूक १० टक्के. वीस आंदोलने मोजली तर तीच ०.२ सेकंदाची चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते आणि अर्ध्या टक्क्यावर येते. वीस आंदोलने का मोजायची, याचे कारण हे आहे. मी अनेक मुलांना विचारले, बहुतेकांचे उत्तर होते, "पुस्तकात तसं दिलंय." पुढे सूत्रात वेळेचा वर्ग होतो, म्हणून चूक दुप्पट होते, एक टक्का. म्हणजे हातातल्या साधनाने फार तर ९७० ते ९९० एवढेच सांगता येते. तरी जर्नलमध्ये मुले ९८०.०२ लिहितात आणि आम्ही त्यावर लाल पेनाने सही करतो. गंमत म्हणजे महाराष्ट्रात हे मूल्य ९८० नाहीच, ते ९७८ आणि ९७९ च्या दरम्यान आहे. ज्याच्यासाठी एवढी लबाडी करायची तो आकडाही आपल्या गावचा नाही!

मागे एका मुलीचे उत्तर १०८४ आले. शेजारणीने लगेच सल्ला दिला, "खोड आणि ९८० कर, सर काही बघत नाहीत." तिने खोडले नाही, माझ्याकडे आली. मी म्हटले, पुन्हा मोज, पण मोठ्याने मोज. गोळी सोडताच तिने स्टॉपवॉच सुरू केले आणि म्हणाली "एक". गोळी सुटते तेव्हा एकही आंदोलन झालेले नसते, तिथे शून्य म्हणायचे. तिची वीस ही खरी एकोणीसच होती. हिशोब करून पाहा: एकोणीस आंदोलनांचा वेळ विसांनी भागला की ९७८ चे बरोबर १०८४ होतात. त्या चुकीच्या उत्तरातच चुकीचा पत्ता होता. तिने ९८० केले असते तर पत्ताही पुसला गेला असता आणि ती जन्मभर एकपासून मोजत राहिली असती.

याहून वाईट प्रकार ध्वनीच्या वेगाच्या प्रयोगात होतो. पाण्याच्या नळीवर ५१२ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क धरायचा, पाणी खाली उतरवत जायचे आणि आवाज सगळ्यात मोठा कुठे येतो ते पाहायचे. तीस अंश तापमानाला तीन सेंटीमीटर व्यासाच्या नळीत ही जागा साधारण १६.१ सेंटीमीटरवर येते आणि वेग सेकंदाला ३४९ मीटर निघतो. हे उत्तर बरोबर आहे. पण गाइडमध्ये ३३२ दिलेले असते. ते शून्य अंश तापमानाचे. आमच्या पत्र्याच्या छपराखालच्या लॅबमध्ये शून्य अंश तापमान आणायचे कुठून? मुलाला मात्र वाटते आपला कान चुकला. तो १६.१ चे १५.३ करतो. त्याने खरे ऐकले होते, खरे मोजले होते, आणि छापील आकड्याच्या धाकाने स्वतःच्या कानाविरुद्ध साक्ष दिली. आम्ही त्याला पूर्ण गुण देतो.

न जुळणारे रीडिंग सांभाळून ठेवले तर काय होऊ शकते याचे उदाहरण लॉर्ड रॅले. त्यांनी नायट्रोजन दोन रीतींनी मिळवून वजन केले, एकदा हवेतून, एकदा अमोनियातून. एकाच काचेच्या गोलात हवेतला भरला तर सुमारे २.३१० ग्रॅम आणि रसायनातला भरला तर सुमारे २.२९९. फरक ११ मिलिग्रॅमचा, अर्धा टक्का. आपल्याकडे सरासरी काढून विषय मिटवला असता. रॅले यांनी १८९२ मध्ये 'नेचर'मध्ये पत्र लिहून जाहीर विचारले की मला याचा उलगडा होत नाही, कोणाला सुचतो का? १८९४ मध्ये त्यांनी आणि विल्यम रॅम्झी यांनी मिळून उत्तर शोधले. हवेत जवळपास एक टक्का असा वायू होता जो तोपर्यंत कोणाला ठाऊकच नव्हता. तो आर्गॉन. १९०४ ची भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची नोबेल पारितोषिके या दोघांना मिळाली.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या शैक्षणिक मेळाव्यांत अल बिरूनी आणि इब्न अल हैसम यांची नावे घेतल्याशिवाय भाषण संपत नाही. टाळ्याही पडतात. अल बिरूनी यांनी हजार वर्षांपूर्वी बाजूला तोटी असलेल्या भांड्यात धातूचे तुकडे सोडून बाहेर सांडलेले पाणी तोलले आणि सोने, पारा, शिसे यांची घनता आजच्या आकड्यांच्या अगदी जवळ काढली. हा प्रयोग आठवीच्या मुलालाही करता येतो. भाषण देणाऱ्या मंडळींनी आपल्याच संस्थेच्या शाळेत जाऊन विचारावे, हे भांडे कपाटातून शेवटचे कधी बाहेर निघाले? शिक्षकांच्या पगाराचे, इमारतीचे, अनुदानाचे प्रश्न खरे आहेत, मी नाकारत नाही. पण दोरा, नट आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच यांना अनुदान लागत नाही. स्क्रू गेज नसेल तर पुस्तकाची शंभर पाने पट्टीने मोजून एका कागदाची जाडी काढता येते, आणि वीस आंदोलनांमागची युक्ती हीच, हेही मुलांना कळते.

काही सहकारी म्हणतात की खरे रीडिंग लिहिले तर बोर्डाच्या परीक्षेत मुलांचे गुण जातील आणि गरीब घरच्या मुलांना ते परवडणार नाही. ही भीती मला पटते. मग गुण देण्याची रीत बदलायला हवी. उत्तर ९८० च्या किती जवळ आहे याऐवजी किती चूक होऊ शकते हे मुलाने लिहिले का आणि ते पटण्यासारखे आहे का, यावर गुण द्यावेत. "९७०, दहा इकडेतिकडे" लिहिणारा मुलगा "९८०.०२" लिहिणाऱ्यापेक्षा फिजिक्स जास्त जाणतो.

बोर्ड बदलेल तेव्हा बदलेल. या वर्षी मी माझ्या वर्गात पेन्सिल आणि खोडरबर बंद केले आहेत. रीडिंग रफ वहीत पेनाने लिहायचे, चुकले असे वाटले तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला कारण लिहायचे. वह्या फार घाण दिसतात. एका पालकांनी तशी तक्रारही केली. बाहेरून येणारे परीक्षक काय म्हणतात ते फेब्रुवारीत कळेल.