माजी सैनिकांना उमेदवारी द्या

दुबई-शारजाच्या इमारतींत रात्रपाळीचा गार्ड मराठीत "राम राम साहेब" म्हणाला की आपल्याला बरे वाटते. सातारा की कोल्हापूर, एवढे विचारून आपण लिफ्टमध्ये शिरतो. फौजेत असताना तो काय करीत होता, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही.

भारतीय सेनादलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० माणसे निवृत्त होतात. त्यांतली बहुतेक ३५ ते ४५ वयाची, म्हणजे मुलांची शिक्षणे ऐन भरात असतानाची. पेन्शन मिळते, पण जवानाच्या पेन्शनीत घराचा हप्ता आणि इंजिनीअरिंगची फी दोन्ही बसत नाहीत. मग उरते सिक्युरिटी. या कामाला मी कमी लेखीत नाही. दुबईत तर 'सिरा'चे लायसन्स असल्याशिवाय गार्ड म्हणून उभेही राहता येत नाही. पण खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये पूल उभारलेला, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत जहाजाची इंजिने शिकलेला माणूस फाटकावर का बसवायचा?

कारण त्याचा बायोडेटा कुणाला वाचता येत नाही. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर जवानाला पदवीच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळते. ते भारतात सरकारच्या 'क' गटातल्या जागांना चालते, इथल्या कंपनीला नुसता कागद वाटतो. आपल्याला काय येते हे नागरी भाषेत सांगणे त्यालाही जमत नाही. ही अडचण वर्गात बसून सुटत नाही, काम करूनच सुटते. आज आपण इंटर्नशिप म्हणतो, त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: उमेदवारी.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या पुण्याच्या टीममध्ये सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक हवालदार तीन महिने उमेदवारीला होते. पहिले दोन आठवडे ते पंचविशीच्या मुलांनाही "सर" म्हणत. कोड त्यांना येत नव्हता, तशी अपेक्षाही नव्हती. पण एका रात्री सर्व्हर बंद पडला तेव्हा काय चालू, काय बंद, कुणाला कळवले, पुढची खबर किती वाजता, हे सारे त्यांनी वहीत मिनिटावारी टिपले. आम्हा बी.ई. मंडळींच्या नोंदी त्यापुढे अगदीच फिक्या होत्या. आज ते तिथेच सपोर्ट डेस्क सांभाळतात.

अमेरिकेत 'स्किलब्रिज' नावाची योजना आहे. सैनिकाला सेवेच्या शेवटच्या १८० दिवसांपर्यंत एखाद्या कंपनीत काम शिकता येते, पगार सैन्यच देते. कंपनीला माणूस पारखता येतो आणि त्याच्या घरची चूलही चालू राहते. आपल्याकडे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीपूर्वी अभ्यासक्रम चालवते. अधिकाऱ्यांसाठी तर आयआयएमसारख्या संस्थांत २४ आठवड्यांचे. खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची परंपरा १९१७ पासूनची, जायबंदी जवानांना हाताची विद्या देणारी. म्हणजे शिक्षणाची सोय आहे. त्याला प्रत्यक्ष कामाची जोड हवी.

आता अग्निवीरांचा विचार करा. २०२२ च्या योजनेनुसार चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात कायम होणार. बाकीचे पंचविशीच्या आसपास, पेन्शनशिवाय, सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन घरी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीस पुरी होतात. या रकमेवर गल्फच्या एजंटांचा डोळा राहणार हे सांगायला ज्योतिषी नको. गावाकडे फोन कराल तेव्हा आवर्जून सांगा: भारतातल्या नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही; आणि भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला अमिरातीच्या कायद्याने मनाई आहे. व्हिजिट व्हिसावर येऊन काम करणे बेकायदा. माजी सैनिकांची ईसीएचएस ही वैद्यकीय योजना भारतातल्या उपचारांसाठी आहे, तेव्हा इथे येणाऱ्याने मालकाने दिलेला आरोग्य विमा कितीचा आणि कुठल्या दवाखान्यांत चालतो, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

म्हणूनच उमेदवारी भारतात व्हावी असे माझे मत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या कंपन्यांची कार्यालये पुणे-मुंबईत आहेत. दर कार्यालयाने वर्षाला एक जागा काढावी, तीन महिन्यांची. विद्यावेतन दिलेच पाहिजे. घरी दोन मुले असलेल्या माणसाला "अनुभव मिळेल" म्हणून फुकट राबवणे मला पटत नाही. माणूस शोधायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, पुण्याला माजी सैनिकांचे 'मेस्को' महामंडळ आहे. काम चांगले झाले तर इथली नोकरी रीतसर वर्क परमिटवर देता येईल. माझ्या टीममधली पुढची जागा मी मागून ठेवली आहे. लॉजिस्टिक्स आणि जहाजदुरुस्तीत असलेल्या सभासदांकडे तर आमच्यापेक्षा सोयीची कामे असतील.