औषध लागू पडत नाही, की वेळेवर पोटात पडत नाही?



माझ्या तिसरीच्या वर्गात फिट येणारी एक मुलगी आहे. दोन औषधं चालू असूनही महिन्यातून दोन-तीनदा फिट यायचीच. एक दिवस तिची आई म्हणाली, "बाई, औषध लागूच पडत नाय. बंदच करतो." मी घाबरले. ही औषधं एकाएकी बंद केली तर फिट लांबू शकते, एकामागून एक येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं.

मग आम्ही दोघींनी हजेरीपट घेऊन तारखा काढल्या. गणपतीतली भजनं, शिमग्यातलं पालखीमागचं जागरण, एकदा गोळ्या संपल्या नि मुंबईहून चाकरमानी येईपर्यंत चार दिवस खाडा. बऱ्याच फिट त्याच दिवसांतल्या! चुकलेली गोळी आणि अपुरी झोप ही फिट येण्याची नेहमीची कारणं आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की अशा मुलाची नोंदवही शाळेनं ठेवावी. तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्रीची झोप, गोळी घेतली का. डॉक्टरांना मूल थोडा वेळ दिसतं, आपल्याला रोज पाच-सहा तास. गोळीनं सुस्ती येते, चिडचिड होते, तेही लिहावं. मुलाला आळशी म्हणू नये. पालकांनीही आजार शाळेपासून लपवू नये.

वहीत सगळं वेळेवर असूनही फिट येत असेल तर? योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा प्रमाणात देऊनही फिट थांबत नसेल, तर त्या अपस्माराला औषधाला दाद न देणारा म्हणतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांचं असं होतं. तेव्हा गोळ्याच वाढवत न राहता मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांना गाठावं. कीटोजेनिक आहार आहे, काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो; ती मुंबईत महापालिकेच्या केईएममध्येही होते. त्यात आई-बापाचा किंवा देवाचा दोष नसतो.

आणि वर्गात फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. कांदा-चप्पल नको, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा.

त्या आईनं औषध बंद केलं नाही. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन गेली. फिट अजून पूर्ण थांबलेली नाही, पण आता डॉक्टरांशी बोलायला तिच्या हातात काहीतरी आहे.

तुमच्या वर्गात असं मूल असेल, तर उद्याच एक वही घाला.