हमालाला पीएफ, आणि मला?

दिवाळीत घरी, खामगावला गेले की बाबांबरोबर मार्केट यार्डात एक चक्कर ठरलेली. सोयाबीनची पोती उतरवताना एका हमालकाकांनी विचारलं, "ताई, पुन्याले काय करता?" म्हटलं, फ्रीलान्स जर्नालिस्ट. जेवढे लेख, तेवढे पैसे. "अन् पीएफ?" मी गप्प! काकांनी खिशातून माथाडी मंडळाचं कार्ड काढलं. "आमचा जमा होते ना."

बॉस, भर बाजारात पोपट!

पुण्यात परतल्यावर मार्केट यार्डातल्या हमाल भवनात गेले. आंबे घ्यायला तिथे शंभरदा गेलेय, पण हे भवन कधी पाहिलंच नव्हतं. हमालांच्या सभा भरतात त्या इथे. डॉ. बाबा आढावांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत काढली, तेव्हा मूळ भानगड एकच होती. हमालाचा मालक कोण? व्यापारी म्हणणार, माझा माणूस नाही. ट्रकवाला म्हणणार, माझाही नाही. मग पाठ मोडली तर भरपाई मागायची कुणाकडे?

उत्तराचा धागा सापडतो मुंबईच्या गोदीत. आमच्या खामगावचा कापूसही तिकडेच जायचा. त्यासाठी १८७० मध्ये इथवर रेल्वे आली आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो! तर गोदी कामगारांसाठी १९४८ मध्ये कायदा झाला. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, काम पाळीपाळीने. हीच आयडिया पुढे माथाडींसाठी आली. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा, वर्षानुवर्षं मोर्चे, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस. मालक कितीही बदलोत, खातं तेच.

पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. नफा न कमावता पोटभर जेवण. (आमच्या ऑफिसपाड्यातल्या सँडविचवाल्यांनी इकडे जरा बघावं.)

हे सगळं फुकटात टिकत नाही. २०२३ मध्ये कायद्यात बदल करणारं विधेयक आलं आणि हमालांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. डिसेंबर २०२५ मध्ये बाबाही गेले.

फोटो पाठवायचा म्हणून काकांचा नंबर घेतला होता. हमाल भवनाचाही फोटो पाठवला. लगेच फोन आला, "भारी हाये ताई! अन् तुमचं मंडळ कधी निघते?"