दोन दिनार आणि आयसीयूचं बिल

आमची आत्या गेली त्याला आता तीन वर्षं होतील. इतके दिवस यावर लिहायचं टाळत होतो, कारण लिहिलं की आमच्याच मंडळीतली चार माणसं दुखावणार. पण गेल्या रविवारी उपासनेत 'आधुनिक वैद्यकशास्त्र आणि ख्रिस्ती माणूस' या विषयावर प्रवचन ऐकलं आणि घरी आल्यावर जेवण गोड लागलं नाही. म्हणून आज लिहितोच.

प्रवचनात काय होतं? गर्भपात, टेस्ट ट्यूब बेबी, क्लोनिंग, दयामरण. चारही पाप. अर्धा तास. आता समोर बसलेल्यांपैकी क्लोनिंग करायच्या बेतात कुणी नव्हतं, याची मला खात्री आहे. पण माझ्या पुढच्याच बाकावर एक गृहस्थ बसले होते, ज्यांनी बायकोच्या डायलिसिसपायी टेम्पो विकलाय. त्यांच्यासाठी त्या अर्ध्या तासात एक वाक्यसुद्धा नव्हतं.

आत्या नर्स होती. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. एका नाताळात जेवणं झाल्यावर ती सरळ म्हणाली होती, "माझं काही झालं तर मला मशीनवर लटकवून ठेवू नका रे. मी फार बघितलंय ते." आम्ही नेहमीप्रमाणे "काहीतरीच काय बोलतेस आत्या" म्हणून विषय बदलला. पुढे एक्क्याऐंशीव्या वर्षी तिच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. व्हेंटिलेटर लागला. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी आत्तेभावाला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, "यातून त्या शुद्धीवर येतील असं वाटत नाही. पुढे काय करायचं ते तुम्ही घरचे ठरवा."

ठरवायचं कसं? आमच्या घराण्यात असं काही आलं की पाळकसाहेबांना विचारतात. ते आले, त्यांनी प्रार्थना केली, डोळे पुसले (माणूस मनाने खरंच चांगला आहे) आणि म्हणाले, "नळी काढणं म्हणजे खून. सहावी आज्ञा आहे." विषय संपला. एकोणिसाव्या दिवशी आत्या मशीनवरच गेली. काचेच्या पलीकडे. जिने शेकडो मरणाऱ्यांचे हात धरले, तिचा हात धरायला भेटीच्या वेळेची दहा मिनिटं मिळायची. आणि बिलासाठी आत्तेभावाची राहुरीकडची दीड एकर जमीन गहाण पडली, ती अजून सुटलेली नाही.

आता मुद्द्यावर येतो. पाळकसाहेब सांगत होते ती ख्रिस्ती शिकवण आहे का? माझ्या मते नाही. ती अर्धीच शिकवण आहे, आणि अर्धी शिकवण कधीकधी पूर्ण चुकीपेक्षा जास्त नुकसान करते.

मारणं आणि मरू देणं यातला फरक ख्रिस्ती विचाराला जुनाच ठाऊक आहे. १९५७ साली भूलतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न पोप पायस बारावे यांना विचारला होता: आशा उरली नसताना श्वासाचं यंत्र चालू ठेवायलाच हवं का? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की नेहमीचे उपचार करणं हे कर्तव्य आहे, पण रुग्णावर किंवा घरच्यांवर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय करायचं बंधन नाही. आम्ही नगरचे बहुतेक अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, प्रोटेस्टंट. पोपचं आम्ही कशाला ऐकायचं, असं कुणी म्हणेल. ठीक आहे. पण गर्भपाताच्या बाबतीत कॅथलिकांचा हवाला चालतो आणि इथे चालत नाही, हे कसं? त्या परंपरेतले पोप जॉन पॉल दुसरे २००५ साली अखेरच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात न जाता आपल्या राहत्या खोलीत गेले. त्याला कुणी आत्महत्या म्हटलं नाही.

आणि मरणाऱ्याची सेवा हे तर ख्रिस्ती माणसांनी नव्याने उभं केलेलं काम. सिसिली सॉन्डर्स या श्रद्धाळू बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना कमी करायची, माणूस एकटा पडू द्यायचा नाही, मरण लांबवायचं नाही आणि ओढूनही आणायचं नाही. आपल्या मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन निघालं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. म्हणजे 'मशीन किंवा खून' यांच्या मधला रस्ता आपल्याच माणसांनी बांधलाय. आमच्या व्यासपीठावर मात्र त्याचं नावही निघत नाही.

पाळकसाहेबांची भीती मला अगदीच फालतू वाटत नाही, हेही लिहायला हवं. एकदा 'काढा नळी' म्हणायची सवय लागली की म्हातारी, अपंग, नकोशी माणसं घरच्यांना जड वाटायला वेळ लागत नाही. बापाच्या उपचाराला कर्ज काढणारे आईच्या वेळी 'वय झालं आता' म्हणताना मी पाहिलेत. म्हणूनच तर नियम हवेत, आणि ते आहेत! ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. शुद्धीत असताना दोन साक्षीदारांसमोर इच्छापत्र करायचं, ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. पुढे वेळ आलीच तर डॉक्टरांची एक नव्हे, दोन मंडळं तपासून मत देणार. एकट्या लोभी पुतण्याच्या हातात काही नाही. हे आम्हाला त्या कॉरिडॉरमध्ये कुणी सांगितलं नाही. ना इस्पितळाने, ना मंडळीने.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. त्या एकोणीस दिवसांत बिलाबद्दल कुणीच बोललं नाही. जणू पैसा ही ऐहिक बाब आणि नळी ही आध्यात्मिक! चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला तोंडपाठ असतो. याजक आला, बघून गेला. लेवी आला, बघून गेला. शोमरोनी थांबला, जखमा बांधल्या. बहुतेक प्रवचनं इथे संपतात. पण लूकच्या दहाव्या अध्यायात गोष्ट पुढे जाते. तो माणूस जखमीला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून देतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना तोही देईन म्हणतो. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. प्रभूने सांगितलेल्या दयेच्या गोष्टीत बिल आहे, मंडळी! आणि ते जखमीच्या घरच्यांनी जमीन विकून भरलेलं नाही.

हा दाखला वाचून कुणी जगत असेल तर काय होतं, ते बघायला यरुशलेमला जायची गरज नाही. नगरहून जामखेडला जावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं १९७० साली तिथे आलं. शहरात बक्कळ कमावता आलं असतं. त्यांनी आधी गावकऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? उत्तर आलं पाणी आणि अन्न. मग गावागावांतून बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, पुष्कळ दलित समाजातल्या. त्यांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्यांनीच बाळंतपणं, लसी, पोषण सांभाळलं. १९७१ साली त्या भागात दर हजारी १७६ अर्भकं दगावत होती, पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. दोघांनी जीवनाचं पावित्र्य आकड्यांत करून दाखवलं, त्याचे फलक मिरवले नाहीत.

आणि त्याच जामखेडच्या शेजारी, बीड जिल्ह्यात, काय घडलं? २०१९ साली विधिमंडळात सांगितलं गेलं की तीन वर्षांत तिथल्या खाजगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी. पाळी आली की खाडा, खाड्याला दंड, त्यात पोटाच्या तक्रारीला 'कॅन्सर होईल' अशी भीती घातलेली. या बायका दर हंगामात आमच्या नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात, आमच्या चर्चच्या रस्त्यावरून त्यांच्या गाड्या जातात. गर्भाशयाबद्दल इतकं बोलणाऱ्या आमच्या व्यासपीठावरून या गर्भाशयांबद्दल मी एकही शब्द ऐकला नाही. तुम्ही ऐकला असेल तर सांगा, मला आनंद होईल.

तुम्ही म्हणाल, टीका सोपी आहे, करायचं काय? माझ्यापुरतं सांगतो. एक, प्रत्येक मंडळीने वर्षातून एक रविवार इच्छापत्र समजावून सांगण्यासाठी द्यावा. दोन, महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असा नियम आहे. पेशंटच्या घरच्यांना तो माहीत नसतो. भेटीला जाताना पाळकांनी बायबलसोबत ही माहितीही न्यावी. तीन, दानपेटीतला काही भाग दोन दिनार म्हणून वेगळा ठेवावा आणि बिलाच्या खिडकीवर नेऊन भरावा. नवीन रंगकाम एक वर्ष थांबलं तर प्रभू रागावणार नाही.

असो. मी माझं इच्छापत्र लिहून ठेवलंय. एक साक्षीदार शेजारचे निवृत्त गुरुजी आहेत. दुसऱ्या सहीसाठी मुद्दाम पाळकसाहेबांकडे गेलो होतो. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आत्याचं नाव काढलं, आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "विचार करून सांगतो."

सहीची जागा अजून कोरी आहे. मी वाट बघतोय.